जावे की राहावे? – सलीमुज्जमान सिद्दिकी यांचा निर्णय

१९४७ च्या जून-जुलै महिन्यांत हिंदुस्थान सरकारच्या नोकरीत असलेल्यांना एक प्रश्न लेखी विचारण्यात आला. फाळणीची सीमारेषा अजून जाहीर व्हायची होती. ती प्रसिद्ध झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. उत्तर मात्र त्याआधीच द्यायचे होते. तुम्ही भारताची नोकरी करणार की पाकिस्तानची? उत्तराचे दोन प्रकार होते, कायमचे आणि तात्पुरते. तात्पुरते उत्तर देणाऱ्याला सहा महिन्यांत आपले मत बदलता येणार होते. आपला देश कोणता, हा प्रश्न रेल्वेतल्या कारकुनापासून मंत्रालयातल्या सचिवापर्यंत सर्वांना असा एका ओळीत सोडवायचा होता.

इतिहासाच्या तासाला फाळणी शिकवताना आपण निर्वासितांचे लोंढे, दंगली, रेडक्लिफ रेषा एवढे सांगतो. त्या वर्षांत वैज्ञानिकांनी काय केले, हा प्रश्न सहसा निघत नाही. वास्तविक त्यांच्यापैकी अनेकांपुढे हाच पेच होता, आणि त्यांच्या बाबतीत त्याला एक वेगळा पदर होता. शेतकऱ्याची जमीन हलवता येत नाही, दुकानदाराचे गिऱ्हाईक हलवता येत नाही, तशीच वैज्ञानिकाची प्रयोगशाळाही हलवता येत नाही. डोक्यातले ज्ञान बरोबर नेता येते असे बाहेरच्यांना वाटते. मी स्वतः रसायनशास्त्रात काम करतो, आणि हे अर्धेच खरे आहे असे म्हणेन. वीस वर्षांत साठवलेल्या, चिठ्ठ्या लावलेल्या नमुन्यांच्या बाटल्या, हवे तसे काचेचे उपकरण बनवून देणारा कारागीर, कोणते मूळ कोणत्या जंगलातून कोणत्या महिन्यात आणायचे हे माहीत असलेला माणूस, जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड – हे सारे मागे राहते.

मालमत्तेची वाटणी करताना भारत आणि पाकिस्तान यांचे प्रमाण साधारणपणे ८२.५ आणि १७.५ असे ठरले होते. टेबले, खुर्च्या, टंकलेखन यंत्रे या हिशेबात आली. मोहेंजोदडोच्या उत्खननात सापडलेल्या वस्तूही वाटण्यात आल्या, त्यांतले काही हार तोडून मणी निम्मे-निम्मे केले गेले. संशोधन संस्था मात्र बहुतेक जिथल्या तिथे राहिल्या. डेहराडूनची वनसंशोधन संस्था भारतात राहिली आणि सीएसआयआर या नावाने आपण ओळखतो त्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या दिल्लीतील प्रयोगशाळाही भारतात राहिल्या. पाकिस्तानच्या वाट्याला आलेली विद्यापीठे म्हणजे लाहोरचे पंजाब विद्यापीठ, ढाका विद्यापीठ आणि त्याच वर्षी सुरू झालेले सिंध विद्यापीठ. लाहोरच्या महाविद्यालयांतील हिंदू आणि शीख प्राध्यापक निघून गेल्यावर तिथले विभागच्या विभाग ओस पडले. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना नव्हे, पण संख्यांच्या सिद्धांताच्या अभ्यासकांना परिचित असलेले सर्वदमन चावला हे लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात गणित विभागाचे प्रमुख होते. त्यांना १९४७ साली लाहोर सोडावे लागले आणि पुढच्या वर्षी ते अमेरिकेत पोहोचले.

चावलांसारख्यांच्या बाबतीत निर्णय हा शब्द वापरणेही कठीण आहे. दाराशी जमाव आल्यावर माणूस निर्णय घेत नाही, निघतो. या लेखात ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्यांना विचार करायला चार वर्षे मिळाली, आणि म्हणूनच त्यांचे उदाहरण मला अधिक अवघड वाटते.

सलीमुज्जमान सिद्दिकी यांचा जन्म १९ ऑक्टोबर १८९७ रोजी अवधमध्ये, बाराबंकी जिल्ह्यातील सुबेहा या गावी झाला. शिक्षण लखनौ आणि अलीगढला. त्यांचे पदवीचे विषय होते तत्त्वज्ञान आणि फारसी! १९२० साली ते वैद्यक शिकण्यासाठी लंडनला गेले, पण वर्षभरातच जर्मनीतील फ्रँकफुर्टला जाऊन त्यांनी रसायनशास्त्र हाती घेतले. युलियस फॉन ब्राउन यांच्या मार्गदर्शनाखाली १९२७ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. मधल्या काळात ते चित्रेही काढत होते आणि १९२४ साली फ्रँकफुर्टमध्ये त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले होते. शालेय निकालपत्रावरून मुलांचे भवितव्य ठरवण्याची घाई असलेल्या पालकांना हा तपशील जरूर सांगावा.

परत आल्यावर ते दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजात आले. या संस्थेचे संस्थापक हकीम अजमल खान हे युनानी वैद्यकातील मोठे नाव, आणि १९२१ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षही. पारंपरिक औषधींचा आधुनिक रसायनशास्त्राने अभ्यास व्हावा अशी त्यांची इच्छा होती. १९२७ च्या डिसेंबरात हकीमसाहेब वारले. सिद्दिकी यांनी काम सोडले नाही. त्यांनी हातात घेतलेली वनस्पती होती सर्पगंधा.

सर्पगंधेच्या मुळीतील गुणकारी द्रव्ये अल्कलॉइड या वर्गातली आहेत. त्यांना वेगळे करण्याची पद्धत आठवी-नववीच्या मुलांना समजण्याइतकी सोपी आहे. अल्कलॉइडे ही आम्लारी असतात. मुळीच्या भुकटीचा अल्कोहोलमध्ये अर्क काढायचा, त्यात आम्ल मिसळायचे, म्हणजे अल्कलॉइडांचे क्षार बनून पाण्यात उतरतात आणि राळ, मेद वगैरे मागे राहतात. मग त्या पाण्यात अमोनियासारखे आम्लारी घातले की अल्कलॉइडे पुन्हा मुक्त होऊन साक्याच्या रूपाने खाली बसतात. तत्त्व सोपे, पण एकाच साक्यात अनेक जवळजवळ सारखी द्रव्ये असतात आणि ती एकमेकांपासून सोडवण्यात महिनोन्‌महिने जातात. स्तंभ वर्णलेखनासारख्या आजच्या सोयी तेव्हा त्यांच्या हाताशी नव्हत्या. वेगवेगळ्या विद्रावकांत कमी-अधिक विरघळणे आणि पुन्हा पुन्हा स्फटिक करणे, एवढ्यावर भिस्त. १९३१ साली सिद्दिकी आणि त्यांच्या सहकाऱ्याने पांढऱ्या अल्कलॉइडांचा एक गट आणि पिवळ्या अल्कलॉइडांचा दुसरा गट वेगळा केला. पांढऱ्या गटातील प्रमुख द्रव्याला त्यांनी हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ अजमलिन हे नाव दिले. हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर हे द्रव्य पुढे वापरात आले, आणि ब्रुगाडा नावाचा हृदयविकार ओळखण्याच्या चाचणीत ते आजही वापरतात.

१९४० साली ते शांतिस्वरूप भटनागर यांच्या बोलावण्यावरून नव्या सरकारी संशोधन यंत्रणेत आले. १९४२ साली याच यंत्रणेतून सीएसआयआरची स्थापना झाली. त्याच वर्षी सिद्दिकी यांनी निंबोळीच्या तेलातील कडू द्रव्यांवरचे आपले काम प्रसिद्ध केले. निंबिन, निंबिनिन आणि निंबिडिन ही त्यांनी दिलेली नावे. कडुनिंबाचे गुण आपल्या आजीला ठाऊक होते, पण तो कडूपणा कोणत्या द्रव्यांत आहे हे शुद्ध स्फटिकांच्या रूपात हाती घेणारे हे पहिले काम.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. सिद्दिकी यांचे वरिष्ठ भटनागर यांचा जन्म पंजाबातल्या भेरा या गावचा, आणि त्यांच्या उमेदीची सोळा वर्षे लाहोरच्या विद्यापीठात गेलेली. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी हेही भेऱ्याचेच. १९४७ च्या ऑगस्टनंतर भेरा पाकिस्तानात गेले आणि बाराबंकी भारतात राहिले. म्हणजे दिल्लीच्या त्या संस्थेत परक्या देशात जन्मलेले वरिष्ठ आणि याच देशात जन्मलेले सहकारी अशी स्थिती झाली. पण त्या सप्टेंबरात दिल्लीत संशयाने पाहिले जात होते ते दुसऱ्यांकडे.

करोलबाग, पहाडगंज, सब्जीमंडी या भागांत त्या महिन्यात भीषण हत्याकांड झाले. दिल्लीतील हजारो मुसलमान पुराना किल्ला आणि हुमायूनच्या कबरीच्या आवारात आसऱ्याला गेले आणि त्यांतले पुष्कळसे तिथूनच आगगाडीने पाकिस्तानात गेले. ज्या तिब्बिया कॉलेजात सिद्दिकी यांची तेरा वर्षे गेली, ते करोलबागेतच आहे. सिद्दिकी यांचे थोरले बंधू चौधरी खलीकुज्जमान हे तर मुस्लिम लीगच्या पहिल्या फळीतले नेते. १९४० च्या लाहोर ठरावाला त्यांनी अनुमोदन दिले होते. गंमत अशी की २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत तिरंग्याचा ठराव आला तेव्हा भारतातील लीगच्या सदस्यांचे नेते म्हणून याच खलीकुज्जमान यांनी त्याला पाठिंबा देणारे भाषण केले, आणि त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले. पुढे ते तिथल्या मुस्लिम लीगचे अध्यक्ष आणि नंतर पूर्व बंगालचे राज्यपाल झाले.

भाऊ एवढा मोठा पुढारी, शहरात असे वातावरण, तरी धाकट्याने १९४७ साली देश सोडला नाही. जे कारण पुष्कळांना पुरेसे झाले ते त्यांना झाले नाही. ते सीएसआयआरमध्ये काम करत राहिले. ती वर्षे त्या संस्थेच्या भरभराटीची होती. ३ जानेवारी १९५० रोजी पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले आणि त्याच महिन्यात दिल्लीत राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे. रसायनशास्त्रज्ञाला याहून चांगला काळ मागून मिळाला नसता.

या चार वर्षांत दुसरीकडे जी पावले पडत होती ती पाहिल्याशिवाय मात्र हा निर्णय समजत नाही. १९४७ साली माणूस लाहोरला जाऊन पुन्हा दिल्लीला येऊ शकत होता. जुलै १९४८ पासून पश्चिम पाकिस्तानातून भारतात येणाऱ्यांना परवाना लागू झाला, त्या शरद ऋतूत पाकिस्ताननेही तसेच केले. १९४९ साली भारतात निर्वासितांच्या मालमत्तेविषयीच्या वटहुकमात एक नवी संज्ञा आली. जो अजून गेलेला नाही, पण जाण्याच्या तयारीत आहे असे सरकारला वाटते, अशा माणसाच्या मालमत्तेच्या व्यवहारांवरही बंधने घालता येऊ लागली. २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू झाली. तिच्या सातव्या अनुच्छेदाप्रमाणे १ मार्च १९४७ नंतर जो भारतातून पाकिस्तानच्या प्रदेशात स्थलांतर करून गेला तो, परत वसण्याच्या परवान्याने आलेला नसेल तर, भारताचा नागरिक मानला जाणार नव्हता. एप्रिल १९५० मध्ये नेहरू आणि लियाकत अली खान यांच्यात अल्पसंख्याकांविषयी करार झाला. १९५२ च्या ऑक्टोबरात दोन्ही देशांमधील प्रवासाला पारपत्र आवश्यक झाले.

या तारखा एकाखाली एक लिहून पाहिल्या तर काय दिसते? सुरुवातीला जाणे-येणे हा प्रवास होता, पाच वर्षांत त्याचे स्थलांतर झाले. ‘अजून ठरवलेले नाही’ ही अवस्था कायद्याने हळूहळू नाहीशी केली. घरात पाकिस्तानात गेलेला एक भाऊ आणि भारतात राहिलेला दुसरा, अशी कुटुंबे तेव्हा उत्तर हिंदुस्थानात गल्लोगल्ली होती. त्यांच्यातील जो मागे राहिला त्याला, मी राहिलो आहे, हे पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागत होते. सिद्दिकी यांच्यासारख्या मानमरातब मिळालेल्या माणसाला याची झळ किती पोचली असेल हा वेगळा मुद्दा, पण ज्या हवेत ते श्वास घेत होते ती ही हवा होती.

१९५१ साली पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली खान यांचे निमंत्रण आले. तिथल्या सरकारचे वैज्ञानिक सल्लागार व्हावे आणि शास्त्रीय संशोधनाची उभारणी करावी. सिद्दिकी त्या वर्षी कराचीला गेले. त्यांचे वय तेव्हा ५३-५४ होते.

या वयाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. त्या काळी भारतात केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्तीचे वय ५५ होते, ते ५८ झाले १९६२ च्या अखेरीस. सीएसआयआरमध्ये पुढच्या पिढीची माणसे तयार होत होती. पुण्याच्या नव्या प्रयोगशाळेचे पहिले संचालक म्हणून अमेरिकेतून मॅकबेन यांना आणले होते. भारतात सिद्दिकी हे अनेक चांगल्या रसायनशास्त्रज्ञांपैकी एक होते आणि निवृत्ती समोर दिसत होती. पलीकडे एक अख्खा देश असा होता की जिथे कोणी नव्हते. ‘धर्मासाठी गेले’ किंवा ‘भावाकडे गेले’ अशी सरळ उत्तरे मला पटत नाहीत. तसे असते तर ते चार वर्षे आधी गेले असते. पण ‘फक्त कामासाठी गेले’ हेही तितकेच अपुरे आहे, कारण असे निमंत्रण भटनागरांना आले नसते. निमंत्रण देणाऱ्याने कोणाला बोलवायचे हे ठरवताना रसायनशास्त्राबरोबर आणखीही काही पाहिले होते.

आणि मग लगेच काय झाले? ज्या वर्षी सिद्दिकी गेले त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला रावळपिंडीच्या एका सभेत लियाकत अली खान यांचा गोळी घालून खून झाला. ज्याच्या शब्दावर माणसाने देश बदलला, तोच नाहीसा झाला. पुढच्या सात वर्षांत पाकिस्तानात सहा पंतप्रधान झाले आणि १९५८ साली लष्करी राजवट आली. नव्या संस्था बांधणाऱ्याला हवी असते ती एक स्थिर फाईल. इथे तर ती पुढे नेणारा माणूसच वरचेवर बदलत होता.

तरीही संस्था उभी राहिली. १९५३ साली पाकिस्तानची वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली आणि सिद्दिकी तिचे पहिले अध्यक्ष झाले. नावापासून रचनेपर्यंत ती दिल्लीच्या परिषदेची बहीण शोभते. अकरा वर्षे ज्या साच्यात काम केले तोच साचा त्यांनी तिकडे नेला. कराची, लाहोर, पेशावर, ढाका, राजशाही अशा ठिकाणी तिच्या प्रयोगशाळा निघाल्या. १९६१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. १९६६ मध्ये ते परिषदेतून निवृत्त झाले आणि पुढच्या वर्षी, सत्तरीला टेकलेले असताना, कराची विद्यापीठात रसायनशास्त्राची एक पदव्युत्तर संस्था सुरू करण्याच्या कामाला लागले. ही संस्था पुढे एका देणगीमुळे एचईजे संशोधन संस्था म्हणून नावारूपाला आली. १९९० पर्यंत ते तिथे संचालक होते. १४ एप्रिल १९९४ रोजी कराचीत त्यांचे निधन झाले.

संशोधनात त्यांनी या जाण्याची काय किंमत दिली? सर्पगंधेची गोष्ट इथे पुढे सांगितली पाहिजे. या मुळीने रक्तदाब उतरतो आणि बेभान रोगी शांत होतो, हे कलकत्त्याच्या सेन आणि बोस या वैद्यांनी १९३१ सालीच लिहिले होते. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवरील अनुभव १९४९ साली ब्रिटिश हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले, तेव्हा पाश्चात्त्य डॉक्टरांचे लक्ष तिकडे गेले. मात्र हा परिणाम ज्या द्रव्याचा, ते अजमलिन नव्हते. ते द्रव्य फार दुर्बल आम्लारी असल्यामुळे नेहमीच्या पद्धतीत आम्लाच्या पाण्यात नीट उतरत नाही, राळेच्या भागात मागे राहते. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सिबा कंपनीच्या संशोधकांनी १९५२ मध्ये नेमक्या त्या भागातून ते वेगळे केले आणि त्याला रेसर्पिन हे नाव दिले. रक्तदाबावरच्या आणि मनोविकारांवरच्या औषधांचा नवा काळ सुरू करणाऱ्यांत त्याचा समावेश होतो. सिद्दिकी तेव्हा कराचीत परिषदेची घटना आणि अंदाजपत्रके तयार करण्याच्या कामात होते. दिल्लीत राहिले असते तर रेसर्पिन त्यांना सापडले असते, असा दावा करण्यात अर्थ नाही. १९३१ ते १९५१ ही वीस वर्षे त्यांना मिळालीच होती. पण संस्था बांधणारा माणूस बाकावरून उठतो आणि बाक थांबत नाही, एवढे या जोडीवरून दिसते.

कडुनिंबाचे मात्र त्यांनी सोडले नाही. सिंधमध्ये कडुनिंब जागोजाग आहे. कराचीत ते आणि त्यांचे विद्यार्थी निंबोळी, पाने, साल यांतून नवनवी द्रव्ये वेगळी करत राहिले. इकडे १९४२ साली दिल्लीत सापडलेल्या निंबिनच्या रेणूची रचना १९६० च्या दशकात उलगडली आणि त्या कामात पुण्याच्या रसायनशास्त्रज्ञांचाही मोठा भाग होता. एका रेणूचे नाव एका देशात ठेवले गेले, ठेवणारा दुसऱ्या देशात गेला आणि रेणू पुन्हा पहिल्या देशात उलगडला. त्या काळात टपालाने एका देशातून दुसऱ्या देशात नमुना पाठवण्यापेक्षा लंडनच्या नियतकालिकात निबंध छापणे सोपे होते.

आणखी काही जणांचा धावता उल्लेख करतो, म्हणजे एकाच माणसावरून नियम काढण्याचा मोह होणार नाही. मुंबईत माटुंग्याच्या कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळेचे अनेक वर्षे संचालक असलेले नझीर अहमद पाकिस्तानात गेले आणि १९५६ साली तिथल्या अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील गणितज्ञ रझीउद्दीन सिद्दिकी १९५० साली गेले. (आपल्या सिद्दिकींचे ते नातेवाईक नव्हेत.) उलट लखनौच्याच एका नामवंत घराण्यातील रसायनशास्त्रज्ञ हुसेन झहीर भारतात राहिले आणि १९६२ साली सीएसआयआरचे महासंचालक झाले. त्यांचे बंधू, लेखक सज्जाद झहीर, कम्युनिस्ट पक्षाच्या कामासाठी १९४८ साली पाकिस्तानात गेले, तिथे तुरुंगात पडले आणि सुटल्यावर भारतात परत आले. पक्षीतज्ज्ञ सालिम अली यांनी मुंबई सोडली नाही. त्यांनी रिप्ले यांच्याबरोबर लिहिलेल्या दहा खंडांच्या ग्रंथाच्या नावात भारत आणि पाकिस्तान दोन्ही आहेत, कारण पक्ष्यांचा प्रदेश तोच होता.

पूर्वेकडची हकिगत निराळी. वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानातले आपले मोठे नाव पंचानन माहेश्वरी हे १९३९ पासून ढाका विद्यापीठात होते. फाळणीनंतरही ते लगेच निघाले नाहीत. १९४९ साली दिल्ली विद्यापीठात आले. जीवशास्त्राचे जुने शिक्षक त्यांना पाठ्यपुस्तकामुळे ओळखतात. त्यांच्या उलट दिशेने गेले कुदरत-ए-खुदा. जन्म बीरभूमचा, कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि पुढे प्राचार्य. १९४७ मध्ये ते ढाक्याला गेले, आणि सिद्दिकींच्या परिषदेची ढाक्याची प्रयोगशाळा १९५५ मध्ये निघाली तेव्हा तिचे प्रमुख झाले. तागाच्या काड्यांपासून फळ्या बनवण्याची पद्धत त्यांची, आणि विज्ञान बंगालीतून शिकवावे यासाठी ते हयातभर झटले. १९७१ साली घर न सोडताच त्यांचा देश पुन्हा बदलला. नव्या बांगलादेशाच्या पहिल्या शिक्षण आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच आले.

सिद्दिकी यांचे नाव आपल्याकडच्या वैज्ञानिकांच्या चरित्रांत सहसा आढळत नाही. अजमलिन आणि निंबिन ही दोन्ही कामे दिल्लीत झाली, पण ज्याने ती केली तो नंतर गेला म्हणून आपण त्याला पाकिस्तानी म्हणून सोडून देतो. पाकिस्तानात त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघते आणि तिथल्या मुलांना ते आपल्या देशातील रसायनशास्त्राचे जनक म्हणून माहीत असतात. तिथे त्यांची दिल्लीची चोवीस वर्षे प्रस्तावनेसारखी उरकली जातात. दोन्हीकडे माणूस अर्धाच शिल्लक राहतो.

नववी-दहावीच्या वर्गात यावर एक तास घेता येईल. मुलांचे दोन गट करावेत. एका गटाने सप्टेंबर १९४७ मधील दिल्लीतल्या सिद्दिकी यांच्या जागी बसावे, दुसऱ्याने १९५१ च्या सुरुवातीच्या. प्रत्येकाने जाण्याची आणि राहण्याची कारणे लिहून काढावीत: काम, कुटुंब, भीती, कायदा, वय, भाषा. एकच अट कडक पाळावी. पहिल्या गटाच्या कागदावर १९४७ नंतरचे आणि दुसऱ्याच्या कागदावर १९५१ च्या सुरुवातीनंतरचे काहीही येता कामा नये. रावळपिंडीची गोळी नाही, रेसर्पिन नाही, रॉयल सोसायटी नाही, बांगलादेश नाही. मग उत्तर लिहायला सांगावे आणि उत्तराशेजारी, त्या जुन्या कागदावर होते तसे, कायमचे की तात्पुरते हेही लिहून घ्यावे.